मिश्रीची वेळ

गास,
९ जानेवारी २०२५

प्रिय सत्यवतीबाय,

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही सगळे बरे आहोत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला सध्या मोठ्याने बोलता येत नाही. म्हणून आमच्या भावेशने तुझ्या दीपेशला विचारून तुमच्या चंदनसारच्या घराचा पत्ता घेतला आणि मी कागद घेऊन बसले. सातवीनंतर एवढं लिहायची सवय राहिली नाही, सांभाळून घे.

माझ्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठलाय. तिखट लागलं की आग होते. मी महिनाभर कोणाला बोलले नाही. शेवटी ह्यांनीच ओळखलं, कारण मी चटणीला हात लावेना. वसईच्या डॉक्टरांनी गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर नाही म्हणाले, पण मिश्री अशीच चालू ठेवलीत तर पुढचं सांगता येणार नाही असंही म्हणाले. टाके अजून दुखतात.

म्हणून सोडायची ठरवलीय. आमच्या वाडीपलीकडची एलिसा तुला आठवत असेल, शाळेत कामाला होती ती. तिने मागच्या वर्षी मिश्री सोडली. आता ती पहाटे आपल्या ओटीवर सोडणाऱ्या बायकांना बोलावते, आपण मिश्री लावायचो नेमकी त्याच वेळेला. लवंगा, बडीशेप, सुकवलेला आवळा मध्ये ठेवायचा आणि वेळ निघून जाईपर्यंत बसायचं. प्रत्येकीने बाहेरची एक जोडीदारीण निवडायची, जीव फार कासावीस झाला की तिच्याशी बोलायचं. कोणी बहिणीचं नाव सांगितलं, कोणी लेकीचं. मी तुझं सांगितलं, तुला न विचारता.

दुसरं कोणाचं सांगणार? खाडीकाठी भात झोडून झालं की तू आमच्या वाडीत सुकेळीच्या कामाला, केळी सोलून सुकवायला यायचीस. डोक्यावर चुंबळ, कमरेला डबी. पहिल्या दिवशी मागच्या चुलीवर तवा टाकून वर्षाची तंबाखू भाजायचीस आणि त्या वासाने सासूबाई ओटीवर शिंकत बसायच्या. मग रोज उजाडताना विहिरीच्या काठावर तू आणि मी. सोललेल्या राजेळी केळ्यांचा वास आणि मिश्रीचा वास माझ्या डोक्यात अजून एकच आहे.

तूही सोडशील का? एकटीने मला जमेलसं वाटत नाही.

चि. दीपेश आणि सौ. जागृतीला आशीर्वाद.

तुझी,
विमला


चंदनसार,
२१ जानेवारी

विमलवयनीस,

तुझा कागद मिळाला. जागृती वाचून दाखवते म्हनाली, मी तिच्या हातातून काढून घेतला. वाईट वाटलं असेल तिला. पन घरात कोनाला म्हाईत नाय मी अजून मिश्री लावते ते. इथे राहायला आलो तेव्हा दीपेशने सोड म्हनून सांगितलं होतं आनि मी हो म्हनाले होते.

तुझ्या गालाचं वाचून जेवन गेलं नाय. डॉक्टर सांगेल तेव्हा जा, आळस करू नको. तुला दुखलं तरी तू सांगत नाय, तुझी जुनी खोड हाय.

पन मला सोड सांगतेस ते जमनार नाय. तुझ्याकडे अजून वाडी हाय, माड हाय, तुझे नरहरीभाऊ हायत. माझं काय हाय? ह्यांच्या मागे गावचं घर दीपेशने मोडलं, शेतात खारं पानी शिरलं ते निघालंच नाय. इथे सातव्या मजल्यावर दोघं कामाला गेली की मी आनि भिंती. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसते. पहाटे मिश्री लावली आनि डोळे मिटले की खाडीचा वारा लागतो, होडीला पानी आपटतं ते ऐकू येतं. कानाने ऐकू येत नाय ते तेव्हा येतं. तेवढं पन सोडू?

थुंकायला इथे मातीसुद्धा नाय. बेसिनात नळ सोडून थुंकते. डबी तांदळाच्या पिंपामागे लपवते. या वयात चोरासारखी.

तू सोड. तुला सोडलीच पायजे. मी कागदाचं उत्तर देत जाईन, एवढी जोडीदारीन मी हाय.

सत्यवती


गास,
४ फेब्रुवारी

प्रिय सत्यवतीबाय,

बरं, नको सोडूस. मी पुन्हा म्हणणार नाही. पत्र पाठवलंस तेवढंच पुष्कळ झालं. एलिसाच्या ओटीवर मी ते वाचून दाखवलं. खाडीच्या वाऱ्याचं आलं ते एलिसाने मला परत वाचायला लावलं.

ओटीवर आता माझी जागा ठरलीय, खांबाला टेकून. कोणाचं डोकं दुखतं, कोणाचा संताप होतो. आणि मिश्रीवाचून पोट साफ होत नाही ही तर सगळ्यांचीच रड. एलिसा हसते आणि कोमट पाण्याचा तांब्या पुढे करते. तिच्याकडे पाहिलं की वाटतं, हिला जमलं, आपल्यालाही जमेल.

काल तिने प्रत्येकीला विचारलं, पहिली चिमूट कोणी दिली? मी तुझं सांगितलं. लग्न होऊन आले त्या वर्षी माझी दाढ ठणकत होती. नव्या सुनेने दाढ दुखते म्हणून निजायचं कसं? मी केळी सोलत रडत होते. तू माझा हात ओढलास, तळहातावर चिमूट ठेवलीस आणि 'लाव' म्हणालीस. मला गरगरलं. मी केळीच्या बुंध्याशी बसून राहिले आणि माझ्या वाटची सगळी केळी तू सोललीस. सासूबाईंना दिसू नये म्हणून माझ्यापुढे तुझं लुगडं पसरून उभी होतीस.

दाढ पुढे पाडली, पण मिश्री राहिली. कारण काय माहितेय? तोंडात मिश्री असली की सासूबाई हाक मारत नसत. तोंड भरलेलं माणूस उत्तर देणार कसं? अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ कोणी मला काही सांगत नसे. तू बाजूला, रहाट थांबलेला, पायाखाली गार दगड. सत्यवतीबाय, त्या विहिरीच्या काठावर मी माहेरी असल्यासारखी बसायचे.

मधे उठून गेले होते, म्हणून इथून पुढे शाई वेगळी दिसेल. आता सांज झालीय, दिवा लावते. तू जेवत जा वेळेवर.

तुझी,
विमला


चंदनसार,
१८ मार्च

विमलवयनीस,

मधे कागद आला नाय तुझा. बरी हायस ना? मला आज तुला विचारायचं हाय, दुसऱ्या कोनाला विचारता येत नाय.

जागृतीला दिवस गेलेत, चौथा महिना चालू हाय. आम्ही सगळे खूश. मी तिला सकाळचा डबा करू देत नाय. पन परवा ती मोरीतून बाहेर आली आनि मी आत गेले तर वास आला. माझं नाक अजून चांगलं हाय. माझ्या मिश्रीचा वास मी ओळखते, हा तसाच पन गोडसर. साबनाच्या मागे बघितलं तर तपकिरीच्या पेस्टची ट्यूब, पेपरात गुंडाळलेली. बायका दातांना लावतात ती.

दवाखान्यातल्या भिंतीवर लिहिलेलं हाय, पोटुशी बाईने तंबाखू घेतली तर बाळ वाढत नाय. तिला ते वाचता येत नाय असं थोडंच हाय? चांगली शिकलेली, बँकेत बसते.

रागाने मोरीतून बाहेर आले. म्हटलं, आता येऊ दे समोर. आली समोर, पन माझ्याच गालात चिमूट होती. काय बोलू तिला?

दीपेशला सांगू का? तो चिडेल. एलिसाला विचार नि लवकर लिही.

सत्यवती


गास,
२३ मार्च

सत्यवतीबाय,

दीपेशला सांगू नकोस. निदान आधी तिच्याशी बोल.

एलिसाला विचारलं. ती म्हणाली, पोरीला ओरडलं तर ती सोडणार नाही, नुसती जागा बदलेल. आज मोरीत लपवते, उद्या बँकेच्या पर्समध्ये ठेवेल. तिला एकटं वाटू देऊ नका, एवढंच ती म्हणाली. आणि पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरीणबाईंना खरं सांगायला लावा, त्या रागावणार नाहीत.

मी माझं सांगते. भावेशच्या वेळी मला पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. मिश्री लावली की मळमळ थांबायची, म्हणून दिवसातून किती वेळा लावायचे मलाच ठाऊक. भावेश केवढासा झाला होता, तू बघितलास. कापसात गुंडाळून ठेवायचा. आपल्याला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. जागृतीला सांगणारं कोणी आहे, हे तिचं नशीब. तिलाही मळमळच होत असेल. आधी तेवढं विचार.

आज जास्त लिहीत नाही.

विमला


चंदनसार,
१६ एप्रिल

विमलवयनीस,

तुझा कागद आला त्याच रविवारी दीपेश सोसायटीच्या मीटिंगला खाली गेला होता. जागृती भाजी निवडत होती. मी पिंपामागची डबी काढली आनि तिच्यासमोर ताटात ठेवली. ती डबीकडे बघत राहिली. मला वाटलं आता विचारेल, आई, हे काय. ती उठली, मोरीत गेली, ट्यूब घेऊन आली आनि डबीच्या बाजूला ठेवली.

मग माझ्या चांगल्या कानाजवळ येऊन म्हनाली, "आई, घरात वास यायचा तो मला माझाच वाटायचा. मी रोज बाथरूम घासत होते."

आनि मी तिच्यासाठी उदबत्ती लावत होते, वयनी. माझा वास तिला जाऊ नये म्हनून. इतके महिने दोघींनी एकमेकींपासून घर धुतलं.

तू म्हनालीस तसंच निघालं. कॉलेजात दात दुखायचे तेव्हा तिच्या मावशीने ट्यूब दिली. लग्नानंतर सोडली होती. दिवस गेल्यावर उलट्या थांबेनात, बँकेत काउंटरवर बसता येईना, म्हनून परत धरली. ती रडली नाय. मीच रडले. तिने मला पानी दिलं.

डबी नि ट्यूब दोन्ही कचऱ्यात टाकली. तिने डॉक्टरीनबाईला सांगितलं. त्यांनी उलटीची गोळी दिली आनि सांगितलं की आता सोडलं तरी बाळाला फायदा हाय.

मी म्हटलं होतं मी सोडनार नाय. पन पोरीला सोड सांगून मी मोरीत कशी जाऊ? पहिले दिवस फार वाईट गेले. माझे हात कापायचे, तिला झोप नाय. मीठ जास्त पडलं म्हनून ती माझ्यावर चिडली, चमचा पडला म्हनून मी तिच्यावर. दीपेशला वाटलं सासूसुनेचं बिनसलं. दोघींना समजवायला श्रीखंड घेऊन आला. आम्ही हसलो तर त्याला काही कळेना.

एकदा ती बँकेतून आली आनि दारातच म्हनाली, आज एका बाईकडून घेऊन लावली. तिने चपला काढायच्या आधी मी तिला गॅलरीत बसवलं. बडीशेप दिली. दुसरं काय करनार? दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. आता पहाटे दोघी गॅलरीत बसतो. तिथून डोंगराचा एक तुकडा दिसतो, तो मी आजवर बघितलाच नव्हता.

खाडीचा वारा आता लागत नाय. ते खरं हाय, तुला खोटं कशाला सांगू. त्याची आठवन येते तेव्हा जागृतीला सांगते. ती विचारते, मग पुढे काय झालं?

तुझा कागद एवढा लहान का आला? तिकडचं सगळं लिही. सुकेळीचं लिही, विहिरीचं लिही. आम्ही दोघी वाचू.

सत्यवती


गास,
२ जून

प्रिय सत्यवतीबाय,

तुझं एप्रिलचं पत्र आलं, मी उत्तर दिलं नाही. रागावले म्हणून नाही. तू सोडलीस हे वाचून मी ह्यांच्यासमोर नाचायचीच बाकी होते. आणि मग लाज वाटली.

मी सोडलेली नव्हती. एलिसाच्या ओटीवर सकाळी बसायचे, लवंग चघळायचे, घरी यायचे. सबंध दिवस निभायचा. पण तुला लिहायला बसले आणि तो तवा, ते केळी सुकवायचे मांडव, तो विहिरीचा गार दगड, सगळं आठवायला लागलं की तोंडाला पाणी सुटायचं. मग उठायचे. माळ्यावरच्या मडक्यात थोडी ठेवली होती. लावून आले की पुढचं पत्र भराभर सुचायचं. जी वाचून तू डोळे पुसले असशील, ती पत्रं मी तशी लिहिलीत.

म्हणून लिहिणं थांबवलं. मला वाटलं, पत्र नाही तर आठवण नाही आणि आठवण नाही तर मिश्री नाही. तसं काही झालं नाही. नुसतीच तुझ्यावाचून राहिले.

एलिसाने ओळखलं. सगळ्यांसमोर काही बोलली नाही. बायका उठल्यावर माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "विमल, लावली असलीस तरी उद्या ये. लावल्यावर जी येत नाही तिची मला भीती वाटते." दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं होतं हसतील. एकेक बाई आपलं सांगायला लागली. कोणी सणाला लावली, कोणी भांडण झाल्यावर. एलिसाने स्वतःचंही सांगितलं, तिचा भाऊ वारला तेव्हाचं. मग ह्यांनी माळ्यावर चढून मडकं खाली काढलं आणि पालापाचोळ्यात पेटवून दिलं. वारा घराकडे होता, माझं तोंड मीच पदराने झाकलं.

डॉक्टर म्हणाले, चट्टा थोडा पसरलाय. पुन्हा बोलावलंय. भीती वाटते. ह्यांना दाखवत नाही, तुला सांगते.

जुनं मला आता काही दिवस लिहायचं नाही. पण तुझ्याशी बोलायचं आहे. तू येशील का? जागृतीला जमत असेल तर तिलाही आण, भावेश गाडी घेऊन येईल. माझ्या शेजारी त्या वेळेला बस. बाकी काही नको.

तुझी,
विमला


चंदनसार,
५ सप्टेंबर

विमलवयनीस,

जागृतीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीन दोघी बऱ्या हायत. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

तुझ्याकडे येऊन राहिले ते दिवस अजून डोक्यातून जात नायत. विहिरीवर आता जाळी बसवलीय, मोटर हाय, रहाट नाय. मला वाटलं होतं बघून रडू येईल. पन तू नि मी एलिसाच्या ओटीवर बसलो आनि तू बोलायला लागलीस. लग्नाच्या पहिल्या वर्षी पिशवी भरून एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभी राहिली होतीस, कायमची माहेरी जायला. आनि सत्यवती केळ्यांपाशी एकटी पडेल म्हनून परत आलीस. एवढी वर्षं एकमेकींच्या बाजूला बसलो आनि मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक कसं होनार, दोघींची तोंडं भरलेली. परत येताना गाडीत जागृती मला म्हनाली, आई, तुम्ही दोघी किती बोलता. मी म्हटलं, आता कुठे सुरुवात झालीय.

तुझा चट्टा आनखी वाढला नाय असं डॉक्टर म्हनाले ते भावेशने फोनवर सांगितलं. दीपेशने मला ते पाटीवर लिहून दाखवलं, माझी चूक नको व्हायला म्हनून. देवापुढे साखर ठेवली. पन डॉक्टरकडे जायचं सोडू नकोस.

आता दवाखान्यातलं सांगते. दुपारी जागृतीला आत नेलं. रक्तदाब वाढला, ऑपरेशन करावं लागेल म्हनाले. दीपेश औषधं आनायला पळाला. मी बाकावर एकटी. माझ्या बाजूला सफाळ्याकडची एक बाई, तिची लेक पन आत. माझ्याएवढीच असेल. मी पदराचं टोक पिळत होते ते तिने बघितलं. कमरेची डबी काढली, माझा हात ओढून तळहातावर चिमूट ठेवली आनि म्हनाली, लाव बाय, जिवाला बरं वाटेल.

तिच्या मनात काही वाईट नव्हतं, वयनी. माया होती. मिश्री ताजी भाजलेली होती. तो वास आला आनि सगळं एकदम आलं, तू, केळी, माझा नवरा होडी ओढताना, सगळी मानसं जिवंत. मी मूठ मिटली. टाकली नाय, लावली नाय. नुसती धरून बसले. किती वेळ, ते म्हाईत नाय. तुझ्याशी बोलावं असं वाटलं. तू नव्हतीस, तर मनात एलिसाची ओटी मांडली आनि एकेकीला तिच्या तिच्या जागेवर बसवलं. तुला खांबाशी.

दार उघडलं. नर्स कापडात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली आनि मोठ्याने म्हनाली, "जागृतीच्या बाळाची आजी कोण? घ्या, मुलगी आहे. हात पुढे करा."

मी एकच हात पुढे केला. दुसरा मिटलेलाच.

"थांब बाय," मी म्हनाले, "हात धुवून येते."

बेसिनवर गेले. मूठ उघडली, पान्याखाली धरली. साबन लावला, हात हुंगून बघितला, परत साबन लावला. नर्स हसत होती, आजी किती धुता म्हनून. ती सफाळ्याची बाई माझ्याकडे बघत होती. आता मी तिची जोडीदारीन हाय, ती माझ्याशी कागदाने बोलते, तिचं मग लिहीन.

दोन्ही हात पुसले आनि बाळ घेतलं. नाक तिच्या टाळूला लावलं. तो वास कसला होता ते मला लिहिता येनार नाय. बारशाच्या आधीच ये, राहायला ये, आनि स्वतः घेऊन बघ.

तुझी,
सत्यवती